जोडलेली सॉफ्ट लुअर पुन्हा तिथेच का सुटते

सॉफ्ट लुअरची, म्हणजे गरीला (गळाला) लावायच्या मऊ प्लास्टिकच्या नकली माशाची, शेपूट तुटली म्हणून फेविक्विकचा थेंब लावला आणि दाबून धरलं. पाच मिनिटांत जोड इतका घट्ट की ओढूनही निघेना. खाडीवर गेल्यावर मात्र तिसऱ्या-चौथ्या फेकीला शेपूट गायब. दुसरा प्रकार नाकाचा. गरी घालायचं तिथलं भोक सैल झालं की लुअर जिगहेडवरून (शिशाचं डोकं असलेल्या गरीवरून) घसरत गरीच्या वाकापाशी गोळा होते आणि दर फेकीनंतर ती पुन्हा वर सरकवत बसावं लागतं. नवी मुंबई-ठाण्यातलं वाशी, दिवाळे, सारसोळे, गायमुख, कुठल्याही काठावर पॅडलटेल (वल्ह्यासारख्या शेपटीची लुअर) आणि शॅड (मासळीच्या आकाराची लुअर) घेऊन गरवणाऱ्यांची ही दोन जुनी दुखणी आहेत. खापर नेहमी गोंदावर फुटतं. मग महागडी ट्यूब येते आणि जोड परत सुटतो.

कारण बहुतेक वेळा या तिघांत सापडतं: प्लास्टिक कुठलं हे न बघता जोडलं, जोडाची जागा कोरडी आणि ताजी कापलेली नव्हती, किंवा लुअर जिथे वाकते तिथे कडक होणारा गोंद लावला. तिसरी चूक सगळ्यात जास्त होते. सुपरग्लू (फेविक्विक त्यातलाच) वाळला की काचेसारखा ताठ होतो. पॅडलटेलची शेपूट एका फेकीत शेकडो वेळा इकडून तिकडे हलते. ताठ थर आणि मऊ प्लास्टिक जिथे भेटतात त्या रेषेवर सगळा ताण जातो, आणि फाटतं ते बऱ्याचदा गोंदाच्या अगदी शेजारचं प्लास्टिक. म्हणून वाकणारी जागा ताप देऊन जोडायची आणि न वाकणाऱ्या जागेला गोंद लावायचा. खालची सगळी दुरुस्ती या एका वाटणीवर उभी आहे.

आधी जखम बघा

लुअर कशाने फाटली हे खुणेवरून कळतं, आणि ती जोडायची की तिचे सुटे भाग काढायचे हेही तिथेच ठरतं.

शेपूट कात्रीने कापल्यासारखी, अर्धगोल आणि स्वच्छ गेली असेल तर केंड मासा. त्याच्या चोचीसारख्या दातांनी तुकडाच जातो, त्यामुळे जोडायला मागे काही उरत नाही. दुसऱ्या लुअरची शेपूट लावावी लागते. एका जागी दोनदा असा चावा आला तर जागा बदललेली बरी, केंडांचा थवा अख्खं पाकीट संपवतो.

कडा चिंध्या झाल्यासारख्या आणि पोटाखाली ओरखडे असतील तर पुलाचे किंवा जेट्टीचे खांब आणि त्यांवरची कालवं. तळाशी स्थिर ठेवलेल्या लुअरची शेपूट कुरतडलेली दिसली तर चिंबोरी. दोन खोल भोकं आणि त्यांच्यामधून गेलेली फाट ही तांबोशीची खूण, तिला पुढचे सुळे असतात. जिताड्याचे दात बारीक आणि खरखरीत, त्यामुळे लुअरच्या अंगावर सँडपेपर घासल्यासारखं दिसतं, फाटत फारसं नाही. जिताड्याच्या झटापटीत फाटतं ते नाक आणि गरीची खाच. कल्ल्याच्या झाकणाची कड मात्र त्याची पात्यासारखी धारदार असते, तिने लीडर (लुअरला बांधलेला दोराचा शेवटचा तुकडा) कापला जातो.

नुसती खरखरीत झालेली लुअर दुरुस्त करू नका. ती तशीच चालते. गढूळ खाडीत मासा रंगापेक्षा पाण्यातली थरथर आधी ओळखतो, आणि थरथर शेपटीची असते. म्हणून पांढऱ्या अंगाला हिरवी शेपूट लावली तरी बिघडत नाही, पण शेपूट तिरकी लागली तर बिघडतं.

प्लास्टिक कुठलं आहे

बाजारातल्या बहुतेक सॉफ्ट लुअर पीव्हीसीच्या. पीव्हीसी मुळात पाइपासारखं कडक. त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेल मोठ्या प्रमाणात मुरवलं की ते मऊ होतं. हे तेल हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं. पाकिटात लुअर तेलकट लागते ती त्यामुळेही, आणि आज पक्का असलेला सुपरग्लूचा जोड दोन आठवड्यांनी आपोआप उलतो तोही त्यामुळेच.

दुसरा प्रकार टीपीईचा, म्हणजे रबरासारखं ताणणारं प्लास्टिक. झी-मॅन कंपनीचं इलॅझ्टेक हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. या प्लास्टिकवर सुपरग्लू नीट धरत नाही. धरल्यासारखा वाटतो आणि नखाने सोलला जातो. टीपीई जोडायचं तर तापच द्यावा लागतो. पीव्हीसी आणि टीपीई एकमेकांना जोडले जात नाहीत, उलट एका डब्यात चिकटून राहिले तर दोन्ही वितळून चिकट लगदा होतो.

ओळखायला तीन चाचण्या पुरतात. पहिली पाण्याची. गरी आणि शिसं काढून लुअर नळाच्या पाण्यात टाका. खाडीचं खारं पाणी घेऊ नका, त्यात वस्तू जास्त तरंगते. टीपीई ठळक तरंगतं. बनवतानाच मीठ मिसळलेलं पीव्हीसी सरळ तळ गाठतं, बिनमिठाचं सावकाश बुडतं. दुसरी ताणाची. टीपीई लांबीच्या कितीतरी पट ताणून परत मूळ आकाराला येतं, पीव्हीसी त्याआधीच फाटतं. एवढ्यावरही शंका राहिली तर तिसरी, तांब्याच्या तारेची. तार पकडीत धरून लाल होईपर्यंत तापवा, लुअरच्या तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. ही चाचणी उघड्यावर करा आणि राईएवढाच तुकडा घ्या. तो धूर छातीत जाऊ देऊ नका.

शेपटीचा जोड: गरम पातं

साहित्य फार नाही. कटरचं पातळ पातं आणि ते धरायला पक्कड, किंवा स्वयंपाकघरातून कायमची हद्दपार केलेली जुनी सुरी. स्पिरिटचा दिवा. मेणबत्ती चालते, पण तिची काजळी पात्यावर बसते आणि जोडात काळी रेघ राहते. काजळी नुसती दिसायला वाईट असती तर सोडून दिलं असतं, पण ती दोन पृष्ठभागांच्या मध्ये थर होऊन बसते आणि जोड तिथूनच उघडतो. मेणबत्तीच वापरायची तर पातं दरवेळी सुती फडक्याने पुसून घ्या.

साधी 25 वॉटची सोल्डरिंग गन या कामाला नको. तिचं टोक 300 अंश सेल्सिअसच्या वर जातं. मऊ पीव्हीसी साधारण 160 ते 180 अंशांत वितळून एकजीव होतं. 190-200 च्या पुढे ते पिवळं-तपकिरी पडून जळायला लागतं आणि हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा वायू सोडतं. तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग स्टेशन असेल तर 180 वर लावा.

तयारीला घाई केली की जोड वाया गेलाच म्हणून समजा. लुअर आधी भांडी घासायच्या साबणाने आणि गोड्या पाण्याने धुवा, खाडीचा चिखल आणि मीठ दोन्ही निघाली पाहिजेत. मग पंख्याखाली सावलीत वाळवा. मार्च-एप्रिलमध्ये एक रात्र पुरते, जुलैत दोन दिवस धरा. गरीच्या भोकात अडकलेला थेंब डोळ्यांना दिसत नाही, तो टिश्यू पेपरची वात घालून ओढून घ्या. हा थेंब राहिला तर गरम पातं लागताच त्याची वाफ होते, जोडात बुडबुडे येतात आणि आतून जोड जाळीदार होतो. वरून गुळगुळीत दिसणारा जोड पहिल्याच माशाला सुटतो तो या जाळीमुळे.

1. दोन्ही तोंडं धारदार पात्याने एक-एक मिलिमीटर नव्याने कापा. जुनी तेलकट, मळकी कड राहिली तर ताप देऊन काही उपयोग नाही. सरळ आडवं कापण्याऐवजी तिरकं, 45 अंशांच्या आसपास कापा, जोडाचा पृष्ठभाग वाढतो. दोन्ही काप एकाच कोनात हवेत.

2. पातं तापवून आधी टाकाऊ तुकड्यावर बघा. टेकवल्याबरोबर चर्र आवाज होऊन धूर आला तर जास्त तापलंय, पाच सेकंद थांबा. प्लास्टिक पात्याला चिकटून तार धरत असेल तर थंड आहे. एक-दोन सेकंदांत पृष्ठभाग ओला-चकचकीत झाला की बरोबर.

3. पातं दोन्ही तोंडांच्या मध्ये सँडविचसारखं धरा आणि दोन्ही बाजू एकाच वेळी हलक्या दाबाने टेकवा. दोन-तीन सेकंद. दोन्हीकडे चकाकी आली की पातं बाजूने सरकवत बाहेर काढा, सरळ वर ओढू नका, चिकटलेले तंतू बरोबर येतात.

4. त्याच क्षणी दोन्ही तोंडं दाबा. इथे एक सेकंदही उशीर चालत नाही, पृष्ठभागावर साय धरते. 15 सेकंद न हलवता धरा, मग थंड पाण्यात बुडवा.

5. जोड पुसून कोरडा करा, मग गरम पातं जोडाच्या रेषेवरून चारी बाजूंनी एकदाच फिरवा. उंचवटा राहिला तर कापून टाका.

वाकवून लगेच परीक्षा घेऊ नका. अर्धा तास सरळ ठेवा आणि मग दोन्ही टोकं धरून ताणा. चांगला जोड ताणताना आजूबाजूच्या प्लास्टिकइतकाच बारीक होतो. जोडाची रेषा पांढरी पडून उघडायला लागली तर पातं थंड होतं. रेषा तपकिरी आणि ठिसूळ असेल तर ते जास्त गरम होतं. दोन्ही वेळा पुन्हा एक मिलिमीटर कापून पहिल्यापासून सुरुवात.

मीठ घातलेल्या लुअर या पद्धतीने नीट जुळत नाहीत. मिठाचे कण दोन तोंडांच्या मध्ये येतात. कापलेल्या तोंडाकडे उजेडात बघितलं तर साखरेसारखे कण चमकतात. अशा लुअरची शेपूट जोडण्यात वेळ घालवू नका, तिचं अंग नाकाच्या दुरुस्तीसाठी डाट, म्हणजे भोकाचं बूच, म्हणून कामाला येतं. ते पुढे येतं.

शेपूट दुसऱ्या लुअरची लावताना पॅडलच्या आधीची बारीक मान दोघींचीही सारख्या जाडीची हवी. जाड अंगाला बारीक मान लावली तर जोडापाशी पायरी पडते आणि शेपूट हलायचीच थांबते. पॅडलचं पातं अंगाच्या मध्यरेषेला काटकोनात बसलं पाहिजे. हाताने अंदाज चुकतो, म्हणून जोडण्याआधी लुअरच्या पाठीवर आणि नव्या शेपटीच्या वरच्या बाजूला मार्करने एक-एक ठिपका द्या आणि ठिपके समोरासमोर आणा. सहा इंचांच्या वरच्या मोठ्या स्विमबेटमध्ये (पोहणाऱ्या माशासारख्या लुअरमध्ये) नुसता जोड कमी पडतो. तिथे वितळलेल्या तोंडांच्या मध्ये नायलॉनच्या जाळीदार कापडाची सेंटिमीटरभर पट्टी उभी घालून दाबा. या तापाला नायलॉन वितळत नाही, आणि जाळीतून दोन्हीकडचं प्लास्टिक एकमेकांत उतरतं.

टीपीईलाही हीच रीत, फक्त ते थेट ज्योतीत धरू नका. ते पेट घेतं आणि थेंब पडत राहतात.

नाक: लुअर जिगहेडवरून घसरते

आधी जिगहेड बघा. पुष्कळदा लुअरमध्ये काही दोष नसतो. स्वस्त जिगहेडच्या दांड्यावर कीपर, म्हणजे लुअर अडवणारा काटा किंवा कडं, एक तर नसतो किंवा बोथट असतो. नवी लुअर लावली तरी तीही घसरणार. अशा जिगहेडच्या मानेमागे पाच मिलिमीटर जागेत शिवणाचा दोरा किंवा टाकाऊ ब्रेड (गरवायचा विणलेला दोर) 12 ते 15 वेढे घट्ट गुंडाळा आणि वर सुपरग्लूचा एक थेंब मुरू द्या. वाळला की खरखरीत पकड तयार होते.

जिगहेड ठीक असेल तर भोक सैल आहे. एकाच भोकातून गरी पाच-सहा वेळा आत-बाहेर झाली की मीठ न घातलेलं चांगलं प्लास्टिकही ढिलं पडतं. गंजलेल्या गरीने ते आणखी लवकर होतं, गंजाची खरखर आतून किसणीसारखी चालते.

सोपा उपाय नाक छाटण्याचा. 5 ते 7 मिलिमीटर कापा आणि कोऱ्या प्लास्टिकमध्ये नव्याने गरी घाला. चार इंची लुअर पावणेचार इंचांची झाली, असा हिशोब कुठलाही मासा करत नाही. पण गरी बाहेर येण्याची जागा बदलते, म्हणून जिगहेड लुअरच्या शेजारी धरून वाक जिथे येतो तिथे नखाने खूण करा आणि मगच टोचा. अंदाजाने टोचली की पाठीला पोक येतं आणि लुअर पाण्यात गोल फिरून दोर पिळते.

दोनदा छाटून झाल्यावर नाक पुन्हा कापायला जागा नसते. तेव्हा डाट भरा. टाकाऊ वर्मचा (गांडुळासारख्या लुअरचा) किंवा त्या मिठाच्या लुअरचा तीन मिलिमीटर जाड, सेंटिमीटरभर लांब तुकडा कापून घ्या. भोक वातीने कोरडं करा. दाभण तापवून भोकात घाला, एक पूर्ण वेढा फिरवा, बाहेर काढा आणि ताबडतोब डाट आत रेटा. बाहेर राहिलेला भाग कापून नाक गरम पात्याने गुळगुळीत करा. दहा मिनिटांनी मधोमध नवं भोक. इथे मिठाचं प्लास्टिक चालतं, कारण ही जागा वाकत नाही, आणि डाट चारी बाजूंनी कोंडलेला असतो.

सुपरग्लूची खरी जागा ही आहे. लुअर जिगहेडवर पूर्ण चढवायच्या आधी, शेवटचे पाच मिलिमीटर राहिले असताना, शिशाच्या मागच्या कडेला एक थेंब लावा आणि ढकलून 30 सेकंद दाबा. एकच थेंब. सुपरग्लू हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने घट्ट होतो, तेही पातळ थरातच. दोन-तीन थेंब लावले की कडा वाळतात, मधला गोंद ओला राहतो, आणि पहिल्याच झटक्याला सगळं निसटतं. जोड पाण्यात बुडवून लवकर वाळवायची सवय असेल तर बाहेरून पांढरी भुकटी धरते आणि आत तीच ओली मधली जागा राहते. थांबा, दुसरा उपाय नाही. जेल प्रकारचा सुपरग्लू ओघळत नाही, त्यामुळे शिशावर तो सोयीचा.

फोडलेली ट्यूब आपल्या हवेत आठवडाभरात दगड होते. सिलिका जेलच्या पुडीबरोबर घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. नाहीतर अर्ध्या ग्रॅमच्याच ट्यूब आणा आणि एका बैठकीला एक संपवा.

पाइप जोडायचं पीव्हीसी सॉल्व्हेंट सिमेंट वापरून बघण्याचा मोह सगळ्यांना होतो. ते मऊ पीव्हीसीला धरतं हे खरं, पण वाळल्यावर त्याचा थरही पाइपासारखा कडक होतो. नाकाला चालेल, मानेला नाही. रेनकोट आणि हवेच्या गाद्यांना ठिगळ लावायचं मऊ व्हिनाइल अ‍ॅडहेसिव्ह मात्र दोन्हीकडे चालतं, फक्त त्याला रात्रभर वाळू द्यावं लागतं.

पोटाची आणि पाठीची चीर

ऑफसेट गरी (मानेपाशी दुमड असलेली, टोक लुअरच्या अंगात लपवायची) लावून तिवरांच्या कडेने गरवणाऱ्यांना ही अडचण येते. मासा ओढतो तेव्हा गरी खाचेतून वर येताना प्लास्टिक पुढे चिरत जाते. पातळ पातं चिरेत घालून दोन्ही कडा चकचकीत करा आणि बोटांनी मिटवा. सगळी चीर मात्र बुजवू नका. गरी वर यायला चार-पाच मिलिमीटरची खाच मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर मासा चावतो आणि गरी प्लास्टिकमध्येच रुतून राहते. "चावतो पण लागत नाही" या तक्रारीमागे कधी कधी अशी जास्त नेटकी दुरुस्ती असते. चीर परत परत त्याच जागी पडत असेल तर गरी लुअरच्या मानाने मोठी आहे, एक नंबर लहान लावा.

लुअर तिवरात अडकली तर फांद्या मोडून काढू नका, तिवरं तोडायला कायद्याने बंदी आहे. ठाणे खाडीच्या ज्या भागाला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं आणि 2022 मध्ये रामसर दर्जा मिळाला, तिथे तर गरी घेऊन उतरूच नये.

वाकडी शेपूट, फिरणारी लुअर

डब्यात दुमडून राहिलेली शेपूट तापाशिवाय सरळ होत नाही. उकळी आलेलं पाणी गॅसवरून उतरवून मिनिटभर थांबा. पीव्हीसीची लुअर नाकाला दोरा बांधून, शेपूट खाली लोंबकळेल अशी 20 ते 30 सेकंद बुडवा, तशीच उचलून थेट बर्फाच्या पाण्यात सोडा. ताटात आडवी थंड केली तर ताटाला टेकलेली बाजू चपटी होते.

जोडून झालेली प्रत्येक लुअर खाडीवर नेण्याआधी बादलीत बघा. जिगहेडसकट अर्धा मीटर सरळ ओढा. एका कुशीवर कलली तर जोडाचा उंचवटा त्या बाजूला आहे, तो तासा. पूर्ण गोल फिरली तर गरी मध्यावर नाही. शेपूट हललीच नाही तर मान जाड झाली आहे, दोन्ही बाजूंनी कागदाएवढा थर काढा आणि परत बघा. एकदम जास्त काढला तर परत लावता येत नाही.

मरळीच्या फ्रॉगमध्ये पाणी भरतं

मरळीसाठीच्या पोकळ फ्रॉगमध्ये (बेडकाच्या आकाराच्या लुअरमध्ये) गरीच्या फटीतून थोडं पाणी शिरणारच, ते दाबून काढायचं असतं. दोन फेकींत फ्रॉग बुडायला लागला तर भोक आहे. पाण्याखाली धरून दाबा, गरीची फट सोडून दुसरीकडून बुडबुडे आले ती जागा. आतलं पाणी वात घालून काढा, एक दिवस वाळवा आणि मऊ व्हिनाइल अ‍ॅडहेसिव्हचा पातळ हात द्या. सुपरग्लू इथे अजिबात नको. मरळ फ्रॉग चिरडते तेव्हाच गरी बाहेर येते, आणि ताठ ठिगळ नेमकं ते चिरडणं अडवतं.

जे जोडता येत नाही ते वितळवताना

जोडता न येणाऱ्या लुअर वितळवून साच्यात नव्या ओतता येतात. त्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारी: पिवळं पडलं, बुडबुडे आले, चिकट राहिलं. पहिल्याचं कारण जास्त ताप, दुसऱ्याचं ओलावा, तिसऱ्याचं एक तर कमी ताप किंवा ढिगात मिसळलेलं टीपीई.

हे काम फ्लॅटच्या स्वयंपाकघरात करायचं नाही, बाल्कनीतही नाही. मोकळी गच्ची किंवा अंगण हवं. भांडं, चमचा, मायक्रोवेव्ह, जे वापराल ते परत अन्नाला लावायचं नाही. डोळ्यांना गॉगल, हातात चामड्याचे मोजे, पूर्ण बाह्या, आणि सेंद्रिय वाफा व आम्लवायू अडवणाऱ्या काडतुसांचा मास्क. साधा कापडी किंवा एन-95 मास्क कण अडवतो, वाफ अडवत नाही.

एका वेळी 100 ग्रॅम पुरे, त्यातून चार इंची डझनभराच्या आत-बाहेर निघतात. सेंटिमीटरभराचे तुकडे करा, प्रत्येक तुकडा दाबून आत गरीचं टोक राहिलं नाही ना हे बघा. रंगांचे ढीग वेगळे ठेवा, सगळे एकत्र वितळवले की चिखलाचा रंग येतो. खाडीला तोही चालतो म्हणा. तुकडे दोन दिवस वाळलेले हवेत. गरम प्लास्टिकमध्ये पाण्याचा थेंब गेला तर त्याची वाफ होऊन सगळं अंगावर उडतं, आणि ते कातडीला चिकटून जळत राहतं.

मायक्रोवेव्हमध्ये उष्णता सहन करणाऱ्या काचेच्या मापात आधी एक मिनिट, मग 20-30 सेकंदांच्या हप्त्यांनी, दरवेळी बाहेर काढून सावकाश ढवळत. इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त वरचा थर मोजतो, म्हणून ढवळून मगच मोजा. 165 ते 175 अंशांना ते मधासारखं वाहतं, तेव्हा ओता. 190 दिसले की ताप बंद. झोंबरा वास आला तर वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहा, तो घाणा वाया गेला. मिठाच्या लुअर असतील तर मीठ तळाशी बसतं, ओतायच्या आधी तळापासून ढवळा. ढवळल्यावर अर्धा मिनिट थांबलात की अडकलेली हवा वर येते.

प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा स्वस्त पडतो, पण त्यातूनच सर्वांत जास्त बुडबुडे येतात. साचा हाताला कोरडा लागतो आणि आत पाणी असतं. रोज वजन करा. सलग दोन दिवस वजन उतरलं नाही की वाळला. मग फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळून दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळवून. न रंगवलेल्या प्लास्टरला पीव्हीसी चिकटतं आणि लुअरची बारीक शेपूट साच्यातच राहते. ओतल्यावर पाच मिनिटांनी काढा, थंड पाण्यात टाका आणि दिवसभर सपाट जागी पसरून ठेवा.

वितळवूनही कडक राहणारं जुनं प्लास्टिक म्हणजे त्यातलं तेल उडालेलं आहे. प्लास्टिसायझर थोडा-थोडा, 100 ग्रॅमला तीन-चार मिलिलिटरपासून घालत जा. एकदम जास्त घातला तर लुअर जेलीसारखी होते आणि नाक पहिल्याच गरीला फाटतं.

डबा

उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत ठेवलेल्या लुअर वाकतात, तेल सोडतात, आणि लाल रंग शेजारच्या पांढरीत उतरतो तो परत निघत नाही. ओली लुअर जिगहेडसकट डब्यात टाकली तर गरीचा गंज भोकात शिरतो, आणि पुढच्या खेपेला पुन्हा नाकापासून सुरुवात. म्हणून खाडीवरून आल्यावर जिगहेड काढा, दोन्ही गोड्या पाण्यात धुवा आणि वेगवेगळी वाळवा.

पीव्हीसीचं तेल काही डबेही खातं. कप्प्याचा तळ चिकट आणि खरबरीत झाला असेल तर तेच कारण, आणि हार्ड लुअरचा रंगही त्याने असाच उकलतो. डबा उलटा करून त्रिकोणातला आकडा बघा. 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, बिनधास्त ठेवा. 6 म्हणजे पॉलिस्टायरीन, त्यात सॉफ्ट लुअर नको. आकडाच नसेल तर लुअर मूळ पाकिटात ठेवून पाकीट डब्यात ठेवा, आणि टीपीईचं पाकीट वेगळ्या कप्प्यात.